चमच्याचें माप व तराजूचें वजन

शेतकऱ्याच्या घरीं वाढलेल्या मनुष्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. एक पायली भात व एक पायली तांदूळ यांचें माप एकच असलें, तरी त्यांचें वजन एक नसतें. भाताच्या दाण्यावर तूस असतें, दाण्यादाण्यांमध्यें पोकळी राहते. म्हणून तीच पायली तांदुळांनीं भरली म्हणजे उचलतांना हाताला अधिक जड लागते. चिपटें, मापटें, शेर व चार शेरांची पायली हीं आपल्या वाडवडिलांचीं मापें जागा मोजीत असत. तोळा, छटाक व तराजूवरील शेर हीं वजनें भार मोजीत असत. या दोहोंचा घोटाळा करणारा मनुष्य बाजारांत फसे.

१९५६ सालीं कायदा झाला आणि १९५८ पासून देशांत किलोग्रॅम व ग्रॅम हळूहळू चालू झाले. पायली मागें पडली, परंतु तो जुना घोटाळा मात्र गेला नाहीं. तो बाजारांतून उठून आतां आपल्या स्वयंपाकघरांतील चमच्यांत येऊन बसला आहे. पाककृतीच्या पुस्तकांत, मोबाइलवर किंवा पाकिटाच्या पाठीवर "साखर १०० ग्रॅम, सोडा २ ग्रॅम" असें लिहिलेलें असतें. घरांत तराजू नसतो, चमचा असतो. मग ग्रॅमांचे चमचे कसे करावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांत एखाद्या लेकराच्या जिवाचा प्रश्न कसा येतो, हें पुढें वाचकांच्या ध्यानांत येईल.

१. चमचा काय मोजतो?

चमचा ही लहानशी पायलीच आहे. तो जागा मोजतो, वजन मोजीत नाहीं. पाककृतींत चहाचा चमचा म्हणतात तो ५ मिलिलिटरांचा, व मोठा चमचा म्हणतात तो १५ मिलिलिटरांचा धरितात. म्हणजे तीन लहान चमचे मिळून एक मोठा चमचा होतो. (ऑस्ट्रेलियांतील पुस्तकांत मोठा चमचा २० मिलिलिटरांचा असतो; तिकडील कृति हातीं आली तर इतकें स्मरणांत ठेवावें.)

पुष्कळांची चूक येथेंच होते. पाण्याचा एक मिलिलिटर एक ग्रॅम भरतो, हें शाळेंत शिकलेलें असतें. त्यावरून सर्वच पदार्थांचे ५ ग्रॅम म्हणजे एक चमचा असें ते समजतात. पाण्याविषयीं हें खरें आहे, मैद्याविषयीं नाहीं. समजा, कृतींत मैदा ३० ग्रॅम सांगितला आहे. या चुकीच्या हिशेबानें आपण सहा चमचे घेतले, तर प्रत्यक्षांत १५ ग्रॅमच मैदा पडेल. म्हणजे पाहिजे त्याच्या निम्मा. उलट मीठ ३० ग्रॅम पाहिजे असतां सहा चमचे घेतले, तर ३६ ग्रॅम पडेल. एकाच चमच्यानें एके ठिकाणीं तूट आली व दुसऱ्या ठिकाणीं वाढ झाली. दोष चमच्याचा नव्हे, हिशेबाचा होय.

२. शीग व सपाट

धान्याच्या व्यवहारांत शीग कशाला म्हणतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मापाच्या काठावर जो ढीग राहतो ती शीग. घेतांना शीग लावून घ्यावें व देतांना हात फिरवून सपाट द्यावें, ही लबाडी खेड्यापाड्यांतील गरिबांनीं पुष्कळ सोसली आहे. तीच शीग आपल्या चमच्यावर रोज चढत असते, व तेथें मात्र आपण तिची दखल घेत नाहीं. शीग लावलेल्या चमच्यांत सपाट चमच्याच्या कधीं दीडपट, तर कधीं दुप्पट पदार्थ मावतो. दोन बायकांनीं "एक एक चमचा" घातला असें सांगितलें, तरी एकीच्या भांड्यांत दुसरीच्या दुप्पट पडलेलें असूं शकतें, आणि दोघीही खरें बोलत असतात.

यावर उपाय सोपा आहे. चमचा भरावा व सुरीच्या पाठीनें त्याच्या काठावरून एकदां सरळ पुसून घ्यावा. उरेल तें सपाट माप. अमेरिकेंत बोस्टन शहरीं फॅनी फार्मर नांवाच्या शिक्षिकेनें १८९६ सालीं पाकशास्त्राचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्यांत सर्व मापें सपाट घ्यावीं हा नियम आग्रहानें मांडला. तेव्हांपासून छापील कृतींत चमचा म्हणजे सपाट चमचा, असाच अर्थ बहुधा धरिला जातो.

पदार्थ भरण्याची रीतिही पाहावी. पीठ चाळून सैल भरलें तर कमी मावतें. डब्यांत दाबून चमचा खुपसला तर चौथ्या हिश्श्यानें अधिकही मावतें. यास्तव पीठ आधीं हलवून मोकळें करावें व मग मोजावें.

३. कोष्टक

५ मिलिलिटरांच्या एका सपाट चमच्यांत निरनिराळे जिन्नस सुमारें किती भरतात, तें खालीं दिलें आहे. दळण्याच्या बारीकजाडपणावरून व हवेंतील ओलाव्यावरून थोडा फरक पडेल. परंतु घरच्या कामास हे आंकडे पुरेसे आहेत.

पाणी : ५ ग्रॅम
बारीक मीठ : ६ ग्रॅम
साखर : ४ ग्रॅम, किंचित अधिक
मध : ७ ग्रॅम
तेल किंवा पातळ तूप : साडेचार ग्रॅम
मैदा किंवा कणीक : अडीच ग्रॅम
रवा : साडेतीन ग्रॅम
खाण्याचा सोडा : साडेचार ते पांच ग्रॅम
हळद : ३ ग्रॅम
लाल तिखट : अडीच ग्रॅम
जिरें : २ ग्रॅम
मेथीचे दाणे : साडेतीन ग्रॅम

मोठ्या चमच्यासाठीं या आंकड्यांची तिप्पट करावी. खडेमीठ या कोष्टकांत धरलेलें नाहीं. खड्यांमध्यें पोकळी राहते, म्हणून खडेमिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्याहून हलका असतो. आणि किती हलका, तें खड्याच्या आकारावर अवलंबून राहतें. तें कुटून बारीक करावें व मग मोजावें.

हिशेबाचा नियम एकच आहे. जितके ग्रॅम पाहिजेत त्यांस एका चमच्याच्या ग्रॅमांनीं भागावें. भागाकार येईल तितके चमचे. साखर १०० ग्रॅम पाहिजे असेल, तर १०० भागिले ४, म्हणजे २५ लहान चमचे, अथवा आठ मोठे व एक लहान. सोडा २ ग्रॅम पाहिजे असेल, तर अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. सोडा अधिक पडला कीं पदार्थ कडवट होतो, म्हणून येथें हात आंखडता असलेलाच बरा.

मैदा पाव किलो पाहिजे असेल तर शंभर चमचे मोजीत कोणी बसूं नये. मोजतां मोजतां संख्या चुकेल. अशा वेळीं वाटी घ्यावी. आपल्या वाटींत किती मोठे चमचे पाणी मावतें तें एकदां मोजून ठेवावें. दहा मावलें तर ती वाटी १५० मिलिलिटरांची. म्हणजे तींत तीस लहान चमचे, आणि मैदा सुमारें ७५ ग्रॅम. पाव किलो मैद्यास अशा तीन वाट्या व वर तिसरा हिस्सा लागेल. मात्र लग्नाच्या अथवा सणाच्या पंक्तीसाठीं शंभर पानांचा स्वयंपाक असेल, तेव्हां चमचा व वाटी बाजूस ठेवून तराजूच आणावा. एका चमच्यास अर्ध्या ग्रॅमाची चूक कोणास कळत नाहीं. तीच शंभर चमच्यांत ५० ग्रॅमांची होते, व सगळ्या पंक्तीस कळते.

४. आपला चमचा ओळखावा

वरील कोष्टक ५ मिलिलिटरांच्या चमच्याचें आहे. आपल्या घरांतील चमचा तितकाच असेल असें नाहीं. बाजारांत चमचे शोभेसाठीं घडवितात, मापासाठीं नव्हे. कोणांत ३ मिलिलिटर मावतें, कोणांत ६. म्हणून चमच्याची परीक्षा करावी. तिच्या दोन रीति आहेत.

पहिली रीति पाण्याची. औषधाच्या बाटलीबरोबर ५ मिलिलिटरांची खूण असलेलें टोपण किंवा लहान पेला येतो. तो स्वच्छ धुऊन खुणेपर्यंत पाण्यानें भरावा व तें पाणी चमच्यांत ओतावें. चमचा कांठोकांठ भरला तर तो बरोबर आहे. पाणी सांडलें तर चमचा लहान. चमचा रिकामा राहिला तर मोठा.

दुसरी रीति तराजूची. बारीक मिठाचे वीस सपाट चमचे एका कागदावर मोजून टाकावे व वाण्याच्या कांट्यावर त्यांचें वजन करून आणावें. सुमारें १२० ग्रॅम भरलें तर चमचा बरोबर आहे. वीस चमचे एवढ्याचसाठीं कीं, एका चमच्याचें वजन दुकानाच्या कांट्यावर नीट कळत नाहीं, आणि एखाद्या चमच्यांत कमीजास्त झालें तरी विसांत तें झाकलें जातें.

असा एक पारखलेला चमचा घरांत निराळा ठेवावा, त्याच्या दांड्यास दोरा बांधावा, व तो दुसऱ्या कामास लावूं नये. शाळेंत किंवा उपदेशकाच्या घरीं असा एक चमचा असला, तर सबंध वस्तीस आपापले चमचे त्याच्याशीं ताडून पाहतां येतील. पातळ औषध मात्र घरच्या चमच्यानें कधींही देऊं नये. बाटलीबरोबर आलेलें मापच वापरावें.

५. आजीचा तोळा

वडील माणसांच्या तोंडीं अजून तोळा व छटाक हे शब्द येतात. त्यांचा मेळ असा : एक तोळा म्हणजे ११ ग्रॅम व वर सुमारें दोन तृतीयांश, पांच तोळ्यांचा छटाक, म्हणजे सुमारें ५८ ग्रॅम, आणि ऐंशीं तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम. यावरून तोळाभर मीठ म्हणजे जवळ जवळ दोन सपाट चमचे, व तोळाभर साखर म्हणजे तीन चमच्यांस थोडी कमी. लोणच्याची आजीची कृति तोळ्यांची असेल, तर ती टाकून देण्याचें कारण नाहीं. ती अशी चमच्यांत उतरून घ्यावी.

६. मिठाचा चमचा व आजारी लेकरूं

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा पाठ लिहावयास घेतला, ती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या दिवसांत खेड्यांच्या दौऱ्यावर असतां आम्ही एका घरीं उतरलों. घरांतील दीड वर्षाच्या मुलास आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. त्याची आई त्यास वाटीनें कांहीं पाजीत होती, व मूल तोंड फिरवीत होतें.

"पाळकसाहेब, दवाखान्याची पुडी संपली," ती म्हणाली, "म्हणून घरींच मीठसाखरेचें पाणी केलें. लिटरभर पाण्याला मीठ अर्धा चमचा, असें ताईंनीं सांगितलें होतें. मीं अर्धाच घातला. पण पोर पीतच नाहीं."

आम्ही एक थेंब जिभेवर घेतला. तें पाणी समुद्राच्या पाण्याची आठवण देणारें होतें. चमचा पाहावयास मागितला, तेव्हां तिनें भाजी खाण्याचा मोठा चमचा आणून दाखविला. तिनें चूक सांगितली नव्हती. अर्धाच चमचा घातला होता. परंतु तो चमचा १५ मिलिलिटरांचा होता. ३ ग्रॅमांच्या जागीं ९ ग्रॅम मीठ पडलें होतें. मूल तोंड फिरवीत होतें, तें हट्टानें नव्हे. तें पाणी ओतून देऊन लहान चमच्यानें सपाट माप घेऊन नवें केलें. तें मुलानें हळूहळू घेतलें. मग त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेलें. मूल बरें झालें. परंतु ती आई ऐकणारी व काळजी घेणारी होती, आणि तरीही असें झालें, हें आमच्या मनांतून आजवर गेलें नाहीं. तिला "अर्धा चमचा" हे शब्द मिळाले होते; चमचा कोणता, हें कोणीं दाखविलें नव्हतें.

जुलाबांत शरीरांतील पाणी व क्षार निघून जातात. साखर व मीठ ठरलेल्या प्रमाणांत असलीं म्हणजे आंतडीं तें पाणी आंत ओढून घेतात. मीठ फार झालें तर रक्तांतील मिठाचें प्रमाण वाढतें, पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें, व लहान मुलास झटके येऊन मेंदूस इजा होऊं शकते. साखर फार झाली तर जुलाब वाढतात. म्हणून येथें "अंदाजानें" हा शब्द चालत नाहीं.

घरीं करण्याचें प्रमाण असें आहे : उकळून निवविलेलें स्वच्छ पाणी एक लिटर, साखर सहा सपाट लहान चमचे, म्हणजे २४ ते २५ ग्रॅम, बारीक मीठ अर्धा सपाट लहान चमचा, म्हणजे ३ ग्रॅम. पाणी आधीं मोजावें. लिटराची बाटली याकामीं चांगली. तयार झाल्यावर आपण स्वतः चाखावें. तें अश्रूंपेक्षां अधिक खारट लागतां कामा नये. लागलें तर ओतून द्यावें व पुन्हां करावें. चोवीस तासांनंतर उरलेलें टाकून द्यावें. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, थोडें थोडें, चमच्यानें पाजावें. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न बंद करूं नये.

ओआरएसची पुडी मिळत असेल तर ती या घरगुती पाण्याहून उत्तम, कारण तींतील जिन्नस तराजूनें तोललेले असतात, व घरच्या पाण्यांत नसलेले क्षारही तींत असतात. मात्र पुड्या निरनिराळ्या आकारांच्या येतात. पुडीवर जितकें पाणी लिहिलें असेल, तितक्याच पाण्यांत ती सगळी एकदम मिसळावी. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले, पाणी पिईना, सर्व ओकून टाकूं लागलें, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर घरीं वेळ न घालवितां दवाखाना गांठावा.

७. शेजारच्या देशाचा धडा

१९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले, व बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडूं लागलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व सोडा तोलून, लिटरास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम व सोडा अडीच ग्रॅम या प्रमाणानें पाणी तयार करविलें, व तें पाजण्याचें काम रोग्यांच्या नातलगांवर सोंपविलें. त्यापूर्वीं शंभरांत सुमारें तीस रोगी मरत होते. तें प्रमाण शंभरांत चारांच्याही खालीं आलें.

परंतु प्रत्येक झोंपडींत तराजू कोठून आणावा? १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशांतील ब्रॅक या संस्थेच्या स्त्री-शिक्षिका घरोघर फिरल्या व एक कोटीहून अधिक घरांतील मातांस त्यांनीं तराजूवांचून तेंच काम शिकविलें : अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीनें घेतलेलें मीठ, व मूठभर गूळ. येथें आमच्या वाचकांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. त्या शिक्षिका केवळ बोलून पुढें जात नसत. घरांतीलच भांडें घेऊन त्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत, व मातेच्या हातून पाणी करवून घेत. पुढें दुसरीं माणसें येऊन कांहीं मातांची परीक्षा घेत, आणि मातांस जितकें लक्षांत राहिलें असेल त्यावर शिक्षिकेचें वेतन ठरत असे. शिकविणाऱ्यानें काय सांगितलें यापेक्षां ऐकणाऱ्याच्या हातांत काय राहिलें, हें तेथें मोजलें गेलें. जे दुसऱ्यास शिकवितात त्या सर्वांनीं हें मनांत ठेवण्याजोगें आहे.

८. रोजचें मीठ

निरोगी मोठ्या माणसानें दिवसांतून ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका सपाट चमच्याहूनही कमी. आणि त्यांत लोणचें, पापड व खारवलेली मासळी यांतील मीठही आलें. पांच मोठ्या माणसांच्या घरांत दिवसास २५ ग्रॅम धरिले, तर एक किलोची पिशवी निदान चाळीस दिवस पुरली पाहिजे. पिशवी आणल्याचा दिवस तिच्यावर लिहून ठेवावा. ती वीस दिवसांत संपत असेल, तर घरांतील वडील माणसांच्या रक्तदाबाचें एक कारण तेथेंच सांपडण्याचा संभव आहे.

पाठावरील प्रश्न

(१) हळद १२ ग्रॅम पाहिजे. किती लहान चमचे घ्यावे?
(२) मध २१ ग्रॅम पाहिजे. किती मोठे चमचे?
(३) एका घरच्या चमच्यानें साखरेचे वीस सपाट चमचे तोलले, ते ६० ग्रॅम भरले. लिटरभर पाण्यास २४ ग्रॅम साखर घालण्यासाठीं त्या चमच्यानें किती चमचे घ्यावे?
(४) आपल्या घरांतील कोणत्या चमच्यांत बरोबर ५ मिलिलिटर पाणी मावतें?

पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें अनुक्रमें चार, एक व आठ अशीं आहेत. चौथ्याचें उत्तर आम्ही देऊं शकत नाहीं. तें प्रत्येकानें आपल्या घरीं पाणी ओतून पाहावयाचें आहे, आणि घरांत कोणी आजारी पडण्याच्या आधीं पाहावयाचें आहे.